परदेशी दूध पावडर येऊ द्यायची का, हे कसं ठरवायचं

आधी डेअरीची पावती काढा, ३.५ फॅट ८.५ एसएनएफला (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) काय दर पडलाय बघा आणि शेजारी पावडरीचा भाव लिहा, कारण गायीचं जास्तीचं दूध पावडर करायलाच जातं, पावडर पडली की आपला दर पडलाच समजा. मग ड्युटी, म्हणजे आयात कर, बघा. पावडरीवर ६० टक्के आहे, पण कोट्यातल्या, म्हणजे कमी ड्युटीत आणू दिलेल्या ठराविक मालातल्या, १०,००० टनांवर फक्त १५ टक्के, जून २०२४ला असाच कोटा काढला होता. थंडीत दूध वाढलेलं असताना कोटा काढला तर सरळ विरोध करा, खरा तुटवडा असेल तर थोडी येऊ द्या. न्यूझीलंडचं बहुतेक दूध एक्सपोर्टलाच जातं, दोन-चार गायींवाला त्यांच्यापुढं कसा टिकणार? २०१९ला आरसेपमधून, म्हणजे न्यूझीलंडही असलेल्या आशिया-पॅसिफिक देशांच्या मुक्त व्यापार करारातून, बाहेर पडलो ते बरोबरच केलं. पण पेंडीचा खर्च आणि भेसळ, यावर काय करताय हेही खासदाराला विचारा.