संघ बदलत राहिलेल्या बचावपटूची कारकीर्द कशी वाचावी

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि जवळपास प्रत्येक संघात असा एखादा बचावपटू असतोच, ज्याची माहिती उघडली की पाच-सहा संघांची नावे, मधली रिकामी वर्षे आणि किरकोळ वाटणारे आकडे एवढेच दिसते. ऐरोली, महापे किंवा घोडबंदर रोडवरच्या कार्यालयांत अमेरिकी ग्राहकांसाठी रात्रपाळी करणारी आपली मुले-मुली सोमवारच्या कॉलवर या खेळाच्या गप्पा ऐकून त्याकडे वळतात. क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूंची, नावे त्यांना पटकन पाठ होतात, पण अशा खेळाडूपाशी आले की ‘हा कुठेच टिकला नाही’ असे म्हणून पुढे जातात. हा त्या खेळाडूवर अन्याय आहे. ज्याला सहा वेळा काढले, त्याला सहा वेळा कोणीतरी घेतलेलेही असते. म्हणून कारकीर्द वाचताना नजर ठेवायची ती कोणी काढले यापेक्षा कोणी पुन्हा बोलावले यावर.

सुरुवात एकाच खेळाडूपासून करावी आणि आकडेवारीचा तक्ता तूर्त बाजूला ठेवावा. आधी त्याच्या कराराच्या आणि सुटकेच्या नोंदी तारखेनुसार उतरवून घ्याव्यात. लीग आणि संघ अशा नोंदी रोज जाहीर करतात. वहीत तारीख, संघ, घडलेली गोष्ट आणि त्या वेळचा बचाव-प्रशिक्षक असे चार रकाने पुरेत. चौथा रकाना बहुतेक जण आखतच नाहीत, पण पुढे तोच सर्वांत जास्त बोलतो.

पहिली नोंद खेळाडू लीगमध्ये कसा आला याची. ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, सात फेऱ्या असतात. पहिल्या दोन फेऱ्यांत निवडलेल्या खेळाडूवर संघाने मोठा खर्च केलेला असल्यामुळे त्याच्या चुका दोन-तीन वर्षे पोटात घातल्या जातात. कोणत्याच फेरीत निवड न झालेल्याला मात्र उन्हाळी शिबिरातल्या काही आठवड्यांतच स्वतःला सिद्ध करावे लागते. त्यानंतर ‘वेव्ह्ड’ आणि ‘रिलीज्ड’ या नोंदींतला फरक पाहावा. चार हंगाम पूर्ण न केलेल्या खेळाडूला सोडले की तो वेव्हरवर जातो, म्हणजे बाकीच्या संघांना त्याच्यावर दावा सांगण्यासाठी साधारण एक दिवस मिळतो आणि दुबळ्या संघाचा दावा आधी धरला जातो. कोणीच दावा केला नाही, तरच तो मोकळा होतो. चार हंगाम झालेला खेळाडू एरवी थेट मोकळा होतो. मात्र हंगामाच्या मध्यावर संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपली की त्यालाही वेव्हरमधूनच जावे लागते. तेव्हा वेव्हरवरून उचलला गेलेला खेळाडू दिसला, की कोणत्या संघाने त्याला उचलले हे ठळक अक्षरांत लिहावे, कारण त्या संघाने त्याला कोठे तरी नीट पाहिलेले असते.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो प्रॅक्टिस स्क्वॉडच्या नोंदींत. मुख्य संघ ५३ जणांचा असतो आणि त्याबाहेर १६ जण सरावासाठी ठेवता येतात. परदेशी खेळाडूसाठी एक वाढीव जागा मिळू शकते. या १६ जणांना दुसरा कोणताही संघ आपल्या ५३ जणांत घेऊ शकतो, आणि घेतलेल्याला किमान तीन आठवडे वेतन द्यावे लागते, त्यामुळे अशी नोंद म्हणजे निव्वळ चाचपणी नसते. शिवाय दर सामन्याला स्क्वॉडमधल्या दोघांना तात्पुरते वर घेता येते आणि एका खेळाडूला हंगामात तीनदाच असे वर घेता येते. एखाद्याच्या नावापुढे ‘वर घेतला, परत गेला’ असे तीनदा दिसले आणि चौथ्या वेळी त्याला ५३ जणांत करार मिळाला, तर प्रशिक्षकाला त्याच्यावाचून चालेना असा त्याचा अर्थ होतो. नुसत्या संघांच्या यादीत ही गोष्ट कधीच उमटत नाही.

या सगळ्या नोंदींचा पूर येतो तो ऑगस्टच्या शेवटी. शिबिरातले ९० खेळाडू ५३ वर आणायचे असतात, म्हणजे प्रत्येक संघातून ३७ जणांची जागा जाते. २०२५ मध्ये ही मुदत २६ ऑगस्टला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दुपारी चार वाजता संपली, तेव्हा आपल्याकडे २७ तारखेचे रात्रीचे दीड वाजले होते आणि त्याच दिवशी गणेश चतुर्थी होती. वेव्हरवरच्या दाव्यांचे निकाल त्याच रात्री साडेनऊनंतर, आरती आटोपल्यावर, पाहता आले आणि त्यापाठोपाठ प्रॅक्टिस स्क्वॉड जाहीर होऊ लागले. या तीन टप्प्यांत एकाच खेळाडूच्या नावावर तीन नोंदी होऊ शकतात, त्यामुळे तारखेबरोबर वेळही लिहून ठेवावी. त्या दिवशी शिबिरात काय घडते, हेही ध्यानात असावे: सकाळी संघाचा एक कर्मचारी खेळाडूला गाठतो, ‘साहेबांनी बोलावले आहे, प्लेबुक (डावपेचांची वही) बरोबर घे’ एवढेच सांगतो आणि बाकीचे न सांगता कळते. तोच खेळाडू दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीत प्रॅक्टिस स्क्वॉडच्या करारावर सही करायला परत आलेला असतो, असेही पुष्कळदा होते.

उदाहरण म्हणून एफे ओबाडा या डिफेन्सिव्ह एंडची, म्हणजे बचावाच्या पुढच्या रांगेत कडेला असणाऱ्या खेळाडूची, कारकीर्द घ्यावी. नायजेरियात जन्मलेला आणि लंडनमध्ये वाढलेला हा खेळाडू लंडन वॉरियर्स या हौशी संघाकडून मोजकेच सामने खेळला होता, तोच २०१५ मध्ये डॅलस काउबॉइजने त्याला करारबद्ध केले. तेथे तो प्रॅक्टिस स्क्वॉडपर्यंतच पोहोचला. २०१६ मध्ये कॅन्सस सिटी आणि अटलांटा ही दोन नावे येतात आणि दोन्ही ठिकाणी त्याला सामना मिळत नाही. इथपर्यंत वाचून वही मिटली, तर हा माणूस संपला असेच वाटेल. पण २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय खेळाडूंसाठीच्या योजनेतून तो कॅरोलायना पँथर्सकडे गेला, वर्षभर सराव करत राहिला आणि २०१८ मध्ये ५३ जणांत आला. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सिनसिनाटी बेंगल्सविरुद्धच्या आपल्या पहिल्याच सामन्यात त्याने एक सॅक (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणे) आणि एक इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याचा पास मध्येच झेलणे) मिळवले आणि लीगच्या दोन गटांपैकी एनएफसी गटातला त्या आठवड्याचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. पुढे २०२० मध्ये साडेपाच सॅक, मग बफेलो बिल्स, मग वॉशिंग्टन. वहीत पाहिले तर पहिल्या तीन संघांच्या नोंदी ‘काढला’ अशाच आहेत, आणि तरीही प्रत्येक नोंदीनंतर कोणीतरी दार उघडलेले आहे. लीगच्या हंगामात एक चेंडूही न खेळलेल्या माणसाला चार संघांनी बोलावले, ते सरावातल्या त्याच्या कामावरून. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीत सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

आता आकडेवारीकडे वळावे, पण सावधपणे. सॅकची अधिकृत मोजणी १९८२ पासून आहे, त्यामुळे त्याआधीच्या खेळाडूंशी तुलना करताना जपून बोलावे. दोघांनी मिळून क्वार्टरबॅकला पाडले तर प्रत्येकाच्या खात्यात अर्धा सॅक जातो. टॅकलची, म्हणजे चेंडूवाल्याला पाडण्याची, मोजणी तर मोजणाऱ्यानुसार बदलते. त्यापेक्षा खेळाडू किती स्नॅप (चेंडू खेळात आणून सुरू होणारे एकेक डाव) मैदानावर होता हे पाहावे. २०१२ पासूनचे हे आकडे सहज मिळतात आणि त्यांत बचावाचे व स्पेशल टीम्सचे (चेंडू लाथेने मारण्याच्या प्रसंगी उतरणाऱ्या तुकड्यांचे) स्नॅप वेगळे दिलेले असतात. एखाद्या लाइनबॅकरचे (पुढच्या रांगेमागच्या बचावपटूचे) बचावातले स्नॅप नगण्य आणि किकऑफ (खेळ सुरू करणारी लाथ), पंट (चेंडू प्रतिस्पर्ध्याला देताना दूर मारलेली लाथ) यांतले भरपूर असतील, तर तो त्याच कामासाठी ठेवलेला आहे, हे नक्की. सेफ्टी आणि कॉर्नरबॅक या पास अडवणाऱ्या मागच्या बचावपटूंच्या बाबतीतही हेच पाहावे. पंटच्या वेळी कडेने सुसाट धावत जाऊन चेंडू झेलणाऱ्याला तेथेच रोखणारा गडी दर आठवड्याला दोन-चारदाच टीव्हीवर दिसतो, पण तसा गडी जखमी झाला की संघ मंगळवारीच, म्हणजे खेळाडूंच्या सुटीच्या दिवशी, नव्या उमेदवारांना चाचणीसाठी बोलावतो.

चौथ्या, म्हणजे बचाव-प्रशिक्षकाच्या, रकान्याचा उपयोग येथे होतो. चार लाइनमन (पुढच्या रांगेतले गडी) आणि तीन लाइनबॅकर अशी रचना असलेल्या संघात जो डिफेन्सिव्ह एंड हात टेकवून उभा राहतो, त्यालाच तीन लाइनमन आणि चार लाइनबॅकरच्या रचनेत उभ्याने सुरुवात करून कधी मागे हटून पासही अडवावा लागतो. सर्वांनाच हे जमत नाही. प्रशिक्षक बदलला, रचना बदलली आणि चांगला खेळाडू नकोसा झाला, असे सतत घडते; तसेच जुना प्रशिक्षक नव्या संघात गेला की आपल्या ओळखीचे दोन-तीन गडी त्याला तेथे हवे असतात. संघबदल आणि प्रशिक्षकाचा संघबदल एकाच वर्षी दिसला, तर त्या दोन नोंदींना बाणाने जोडावे.

पैशाचे गणितही समजून घ्यावे, कारण काही सुटका खेळामुळे होतच नाहीत. चार हंगाम झालेला खेळाडू मोसमातल्या पहिल्या सामन्याच्या वेळी ५३ जणांत असला, तर नंतर काढले तरी त्या हंगामाचे मूळ वेतन मिळवण्याचा हक्क त्याला मिळू शकतो. म्हणून अनुभवी बचावपटूला पहिल्या सामन्याआधी सोडून दुसऱ्या आठवड्यात पुन्हा घेतल्याच्या नोंदी दर वर्षी सापडतात, आणि त्यांचा त्याच्या गुणवत्तेशी काडीचाही संबंध नसतो. २०२५ मध्ये नवख्या खेळाडूचे किमान वेतन वर्षाला ८,४०,००० डॉलर होते आणि ते १८ आठवड्यांत मिळते. प्रॅक्टिस स्क्वॉडवर तरुण खेळाडूला आठवड्याला १३,००० डॉलर मिळत. वर घेतलेल्या आठवड्यात उत्पन्न तिपटीहून जास्त होते. अशा खेळाडूच्या घरी, रविवारच्या सामन्यासाठी वर घेतल्याचे कळवणाऱ्या, शनिवारच्या फोनची वाट का पाहिली जाते, ते यावरून कळेल.

रिकाम्या दिसणाऱ्या वर्षांत दुसरी लीग तपासावी. कॅमेरॉन वेक या बचावपटूला २००५ मध्ये ड्राफ्टमध्ये कोणी घेतले नाही, न्यूयॉर्क जायंट्सने सोडले, आणि २००७ व २००८ ही दोन वर्षे तो कॅनडात बीसी लायन्सकडून खेळला. दोन्ही वर्षी त्या लीगचा सर्वोत्तम बचावपटू तोच होता. २००९ मध्ये मायामी डॉल्फिन्सने त्याला घेतले आणि एनएफएलमध्ये त्याने एकूण १००.५ सॅक मिळवले. आता वसंतात खेळली जाणारी यूएफएल ही आणखी एक अमेरिकी लीगही आहे. ती २०२४ पासून सुरू झाली.

प्रत्यक्ष सामना पाहताना चेंडूमागे जाऊ नये. रविवारचे दुपारचे सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला अमेरिकेतली घड्याळे मागे गेल्यावर साडेअकराला सुरू होतात. रविवारी रात्रीचा सामना सोमवारी पहाटे सहाच्या, नोव्हेंबरपासून सातच्या, सुमारास सुरू होत असल्यामुळे रात्रपाळीहून ठाण्याला परतताना ट्रान्स-हार्बर लोकलमध्येही पाहता येतो. आपल्या खेळाडूचा क्रमांक शोधून सलग दहा-बारा स्नॅप फक्त त्याच्याकडेच पाहावे. कबड्डी पाहिलेल्या ठाणेकराला हे अवघड जाऊ नये: पुणेरी पलटण आणि बंगाल वॉरियर्स अशा वेगवेगळ्या संघांकडून खेळलेल्या गिरीश इरनाकसारखा कोपरारक्षक एकही गुण न घेता नुसत्या उभे राहण्याने चढाईपटूला दुसऱ्या बाजूला ढकलतो, तसेच कडा राखणारा डिफेन्सिव्ह एंड धावणाऱ्याला आतल्या गर्दीत वळायला भाग पाडतो आणि टॅकल दुसऱ्याच्या नावावर लागते. कडा कितीदा राखली आणि कितीदा सुटली, याची खूण वहीत करावी.

वही कोठे थांबवायची हा प्रश्न राहतो, कारण अशा बहुतेक कारकिर्दींना निवृत्तीची घोषणा नसते. शेवटची नोंद ‘सोडला’ एवढीच असते. तेवढ्यावरून रेघ मारू नये. दुखापतीच्या राखीव यादीतून पैशाची तडजोड करून सोडलेला खेळाडू बरा झाल्यावर डिसेंबरातही परत येतो. त्यामुळे पुढची जुलैअखेरची शिबिरे सुरू होऊन पहिली दुखापतींची लाट ओसरेपर्यंत पान उघडे ठेवावे, तोवर कोणत्याही संघाच्या चाचणीत नाव आले नाही तर शेवटच्या सामन्याची तारीख लिहावी आणि त्याखाली त्याला एकाहून अधिक वेळा बोलावणाऱ्या संघांची नावे वेगळी काढावीत.