चायना ग्रासची वाटी आणि केल्पची बाटली

आमच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फडताळात हिरव्या झाकणाची एक बाटली आहे. साठ कॅप्सूलची. त्यातल्या अकरा उरल्यात. बाकीच्या एकोणपन्नास मी खाल्ल्या, रोज सकाळी एक. बाटलीवर समुद्राच्या लाटेचं चित्र आणि ‘सी-वीड एक्स्ट्रॅक्ट, ५०० मिग्रॅ’ एवढंच.

मी रत्नागिरीची. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. ओहोटी बघून मुलांना खडकांवर नेऊन शेवाळं दाखवायची, हे सरगॅसम, ही उल्वा, हिला समुद्री लेट्यूस म्हणतात, वगैरे. निवृत्त झाल्यावर वजन एकोणऐंशीवर गेलं, आणि शेवाळाच्या अर्कानं चरबी विरघळते असं फोनवर वाचलं. शिकवलेलं सगळं विसरून बाटली मागवली. सात आठवड्यांत साडेतीन किलो कमी! भिशीत मिरवून झालं, दोघींना नावही सांगून झालं. मग चहा ओतताना हात थरथरायला लागला. रात्री झोप येईना. थिबा राजवाड्याचा चढ चढताना छाती धडधडायची, म्हटलं वय झालं. तपासणीत टीएसएच (थायरॉईडला हुकूम देणारं संप्रेरक, ते फार खाली गेलं की थायरॉईड बेफाम चालतंय असं समजायचं) ०.०३ आलं. गळ्यातली बारीक गाठ दहा वर्षं मुकाट बसली होती, ती बाहेरून मिळालेल्या आयोडीननं चेकाळली होती. डॉक्टर म्हणाले, “मॅडम, तुमचं वजन उतरलं नाही, थायरॉईड उधळलंय.” गोळ्या बंद केल्या, दोन महिने औषध घेतलं, आणि साडेतीन गेले होते त्यांचे चार होऊन परत आले.

तरीही मी समुद्री शेवाळ सोडलेलं नाही. रोज खाते. फक्त कुठलं, किती आणि कधी, हे आता नीट कळलंय. ते लिहून काढते.

‘शेवाळाचा अर्क’ या एका नावाखाली दोन अगदी निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली म्हणजे आयोडीन असलेला अर्क किंवा भुकटी. ही कल्पना फार जुनी. १८६२ च्या सुमारास डुशेन-डुपार्क नावाचे फ्रेंच डॉक्टर सोरायसिसच्या रोग्यांना फ्यूकस नावाचं तपकिरी शेवाळ देत होते, आणि कातडीपेक्षा वजनावर परिणाम दिसतोय असं त्यांच्या लक्षात आलं. तेव्हापासून फ्यूकस लठ्ठपणाचं औषध ठरलं. आपल्याकडच्या होमिओपॅथीच्या दुकानातही त्याचा मदर टिंक्चर, म्हणजे मूळ अर्क, मिळतो. यातली मेख आयोडीनची आहे. वजन उतरलंच तर ते थायरॉईडला चाबूक मारून उतरतं, माझं उतरलं तसं.

आकडे बघा. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. आपलं मीठ आयोडीनयुक्त असतं, त्यातून ते बहुतेकांना मिळतंच. २००४ च्या एका अमेरिकी मोजणीत सुशीच्या नोरीत ग्रॅममागे १६ मायक्रोग्रॅम आयोडीन निघालं, आणि केल्प नावाच्या मोठ्या तपकिरी शेवाळाच्या दाण्यांत ८,१६५. म्हणजे केल्पच्या एका ग्रॅमात चोपन्न दिवसांचा शिधा. प्रत्येक कॅप्सूलमध्ये एवढं असेलच असं नाही. पण माझ्या बाटलीवर किती आहे ते लिहिलेलंच नाही, आणि तेच लिहायला हवं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे शेवाळातला डिंक. तपकिरी शेवाळातून अल्जिनेट, तांबड्यातून अगर आणि कॅराजीनन. हे पाणी धरून ठेवतात, जेलीसारखे घट्ट होतात आणि आपल्याला जवळजवळ पचत नाहीत. म्हणजे पोटात जागा अडवतात, उष्मांक फारसे देत नाहीत. अल्जिनेटची गंमत अशी की ते जठरातल्या आम्लात गेल्यावर घट्ट होतं, त्यामुळे छातीतल्या जळजळीच्या काही औषधांतही तेच वापरतात. न्यूकॅसल विद्यापीठातल्या मंडळींनी २०१० मध्ये कृत्रिम आतड्यात ते घालून बघितलं, तर चरबीचं पचन पाऊण हिश्श्यानं घटलं. काचेच्या भांड्यातलं आणि माणसाच्या पोटातलं यांत फरक असतो, एवढं मात्र लक्षात ठेवायचं.

माणसांवरचा मला सगळ्यात प्रामाणिक वाटलेला प्रयोग डेन्मार्कमधला, २०१२ चा. ९६ लठ्ठ माणसं, १२ आठवडे, सगळ्यांचं खाणं थोडं कमी केलेलं. निम्म्यांना जेवणाआधी अल्जिनेटचं पेय, निम्म्यांना तसंच दिसणारं साधं. शेवटपर्यंत टिकलेल्या ८० जणांत अल्जिनेटवाल्यांचं सरासरी ६.७८ किलो उतरलं, बाकीच्यांचं ५.०४. मध्येच सोडून गेलेले हिशोबात धरले तर हा फरक ठामपणे टिकत नाही. म्हणजे काय, पावणेदोन किलोंचा टेकू, तोही रोज नेमानं घेणाऱ्याला. बाकीचे पाच किलो खाणं कमी केल्यानं गेले.

आता माझा शाळेतला गुणाकार. त्या लोकांना दिवसाला १५ ग्रॅम तरी अल्जिनेटचे तंतू (फायबर) दिले होते. ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलनं तेवढे घ्यायचे तर रोज तीस कॅप्सूल लागतील. बाटली दोन दिवसांत संपेल! पोट भरल्यासारखं वाटायला पोटात काहीतरी जावं लागतं, ते कॅप्सूलमध्ये मावत नाही. जाहिरातीत शोधनिबंधाचा दाखला असतो तो ग्रॅमांचा, आणि बाटलीत असतात मिलिग्रॅम.

म्हणून मी वाण्याकडे गेले आणि चायना ग्रास आणलं. तेच अगर, तांबड्या शेवाळाचा अर्क. नाव चायनाचं, पण आपल्याकडे रामेश्वरम-मंडपमच्या बायका कैक वर्षं समुद्रात बुड्या मारून त्यासाठी शेवाळ खुडतात. जपानात त्याला कान्तेन म्हणतात. २००५ मध्ये तिथे मधुमेहाच्या आणि त्या वाटेवरच्या ७६ लठ्ठ रोग्यांवर प्रयोग झाला. नेहमीच्या पथ्याबरोबर कान्तेन खाणाऱ्यांचं १२ आठवड्यांत २.८ किलो उतरलं, नुसत्या पथ्यावरच्यांचं १.३. इथेही दीड किलोचाच टेकू. आणि धुऊन, उकळून, गाळून काढलेल्या या डिंकात आयोडीन केल्पच्या मानानं नगण्य उरतं, हे माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं.

आपण चायना ग्रासचं काय करतो? दूध आटवायचं, साखर ओतायची, वर वेलची आणि बदामाचे काप. बाजारातला खोटा खरवसही त्याचाच. तो खाऊन वजन उतरणार नाही, हे सांगायला शिक्षिका नको. आपल्याला हवी बिनसाखरेची, आंबट-तिखट वाटी. मी कोकमाची करते.

दहा ग्रॅमचं पाकीट आणा, त्यातले निम्मे तंतू कात्रीनं कापून वाटीभर गार पाण्यात अर्धा तास भिजवा. मऊ झाले की ते पाणी टाकून द्या. पातेल्यात अर्धा लिटर पाणी उकळायला ठेवा, त्यात पिळलेले तंतू घाला आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ढवळत राहा. इथे घाई करू नका. चमचा वर उचलून बघा, एकही धागा दिसता कामा नये. धागा राहिला तर जेली सुटी-सुटी होते आणि दाताखाली प्लास्टिकसारखी लागते. वाटलं तर चहाच्या गाळणीनं गाळून घ्या. मग गॅस बंद करा. बंद केल्यावरच तीन मोठे चमचे कोकमाचं आगळ घाला. आगळ घालून उकळलंत तर आंबटपणानं अगरची ताकद जाते आणि तीन तास वाट बघून हाती सरबत येतं. माझं पहिल्यांदा तेच झालं. भाजलेल्या जिऱ्याची पूड, ठेचलेली अर्धी हिरवी मिरची, कोथिंबीर. मीठ घालू नका, आगळात असतंच. तीन वाट्यांत ओता आणि विसरून जा. अगर चाळीस अंशांच्या खाली आलं की बाहेरच धरतं, फ्रीज लागत नाही. पण मे महिन्यात रत्नागिरीला खोलीच घामेजलेली असते, तेव्हा सरळ फ्रीजमध्ये ठेवा.

ताकाचीही होते. तंतू पाव लिटर पाण्यात विरघळवा, बोट बुडवता येईल इतपत निवू द्या आणि मग पाव लिटर ताक घाला. ताक फ्रीजमधलं नको, नाहीतर पडल्या-पडल्या गुठळ्या धरतात. उकळत्यात घातलं तर फुटतं. आलं आणि हिंग हवंच. सासूबाईंनी विचारलं होतं, “हे उपासाला चालतं का गं?” हिंग वगळून चालवा म्हटलं, जिलेटिनसारखं प्राण्याच्या हाडा-कातड्याचं तरी नाही.

एका वाटीत दीड-पावणेदोन ग्रॅम अगर असतं, उष्मांक मोजण्याइतके नाहीत. पहिला आठवडा दिवसातून अर्धीच वाटी घ्या. एकदम तीन खाल्ल्यात तर पोट गुडगुडेल, वारा धरेल आणि मला नावं ठेवाल. मग दुपारच्या जेवणाआधी वीस मिनिटं एक वाटी, वर पेलाभर पाणी. पंधरवड्यानं रात्रीच्या जेवणाआधी दुसरी. पण माझी खरी लढाई जेवणाशी नव्हतीच, ती संध्याकाळी सहाच्या चहाबरोबरच्या चिवड्याशी होती. म्हणून माझी एक वाटी पावणेसहाला असते.

आणि ताट आधी वाढून ठेवायचं. हे मला फार उशिरा सुचलं. वाटी खाल्ली की भूक थोडी मऊ पडते, पण हात सवयीनं तिसऱ्या पोळीकडे जातोच. दोन पोळ्या आणि एक मूद भात वाढून बाकीचं झाकून टाकलं, तर वाटीचा उपयोग होतो. नाहीतर नेहमीचं जेवण आणि वर जेली. पाच महिन्यांत माझं ७९.५चं ७५.५ झालं. त्यात भाट्याच्या पुळणीवर चालणं आलं, बंद केलेला चिवडा आला. वाटीचा वाटा किती ते सांगता येणार नाही, मला विचाराल तर चिवड्याचा जास्त.

काही गोष्टी सांभाळा. अगरची किंवा अल्जिनेटची भुकटी कोरडी तोंडात टाकू नका, घशात फुगली तर अडकते. गिळायला त्रास होत असेल, आतड्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा आतडं अरुंद असेल, तर हा उद्योग नकोच. औषधाच्या गोळ्या आणि वाटी यांत दोन तास तरी ठेवा, जेलीत गोळी गुरफटते. थायरॉईडची सकाळची उपाशीपोटीची गोळी असेल तर वाटी थेट दुपारी. मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, साखर खाली येऊ शकते. अल्जिनेट बहुधा सोडियम अल्जिनेट असतं, तेव्हा रक्तदाबवाल्यांनी हात आखडता.

तरी कॅप्सूल घ्यायचीच असेल तर बाटली उलटी करून वाचा. शेवाळाचं पूर्ण शास्त्रीय नाव आहे का? एका कॅप्सूलमध्ये आयोडीन किती मायक्रोग्रॅम? एफएसएसएआयचा परवाना क्रमांक? पहिल्या दोनांतलं एक जरी नसलं तरी परत ठेवा. गळ्यात गाठ, घरात थायरॉईड, गरोदरपण, अंगावर पिणारं बाळ, यातलं काहीही असेल तर केल्प आणि फ्यूकस दोन्हींना लांबूनच नमस्कार. ‘फ्युकोझँथिन’ असा शब्द दिसला तर तो शेवाळाला तपकिरी करणारा रंग. जपानच्या होक्काइदो विद्यापीठात २००५ मध्ये उंदरांची चरबी त्यानं घटली. उंदरांची. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं शेवाळापासून ‘कडलमीन’ नावाच्या कॅप्सूल काढल्यात, त्यांतली एक कोलेस्टेरॉल आणि लठ्ठपणासाठी आहे. सरकारी संस्थेची म्हणून माझा तिच्यावर लाटेच्या चित्रापेक्षा विश्वास जास्त, पण तीही डॉक्टरांना विचारूनच. (कडलमीन म्हणजे मल्याळममध्ये समुद्रातला मासा. शेवाळाच्या गोळीला माशाचं नाव!)

आणि कृपा करून खडकावरचं शेवाळ ओरबाडून आणू नका. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं पिशवीभर सरगॅसम आणून विचारलं, “बाई, याचा काढा करू?” शेवाळ पाण्यातलं सगळं शोषतं, खाडीतून येणारं सांडपाणीही. शिवाय जपानी हिजिकी हे सरगॅसमचंच भावंड. त्यात घातक स्वरूपातलं आर्सेनिक इतकं निघालं की ब्रिटनच्या अन्न खात्यानं २००४ मध्ये ते खाऊच नका म्हणून सांगितलं. पिशवी त्याला माडाच्या आळ्यात रिकामी करायला लावली. खत झकास होतं.

वाट्या फ्रीजमध्ये तीन दिवस टिकतात. दुसऱ्या दिवशी कडेनं थोडं पाणी सुटतं, ते ओतून द्या. आमचे हे त्याच वाटीवर साखर भुरभुरून खातात आणि मला काहीच फरक पडत नाही म्हणतात.