आयन रँडचे तत्त्वज्ञान वाचायचे तर

अमेरिकन कादंबरीकार आणि विचारवंत आयन रँड वाचायला घेतली की सुरुवात बहुधा तिच्या ‘द फाउंटनहेड’ या कादंबरीपासून (१९४३) होते, आणि तिचा नायक, वास्तुरचनाकार हॉवर्ड रोर्क डोक्यात शिरला की तत्त्वज्ञानही कळल्यासारखे वाटते. कादंबरी जरूर वाचा, पण तिच्यातून सिद्धान्त काढत बसू नका. रोर्क स्वतःच आखलेली इमारत सुरुंग लावून उडवतो. प्रसंग म्हणून ते चालते, युक्तिवाद म्हणून नाही. ‘ॲटलास श्रग्ड’ या पुढच्या कादंबरीतले (१९५७) नायक जॉन गॉल्टचे भाषणही आधी नको. सगळी मांडणी त्यात आहे खरी, पण साठेक पाने दाटून भरलेली, आणि बोलणारा चिडलेला.

आधी ‘द व्हर्च्यू ऑफ सेल्फिशनेस’मधला (१९६४) पहिलाच निबंध घ्या. पेन्सिल हातात ठेवून दोनदा वाचा. गॉल्टचे भाषण त्यानंतर.

वहीत चार रकाने आखा, तिच्या मांडणीच्या चार पायऱ्यांचे. वास्तव कोणाच्या इच्छेवर अवलंबून नाही. ते कळते फक्त बुद्धीने. म्हणून माणसाने स्वतःच्या हितासाठी, बुद्धीने जगावे. म्हणून राज्यसंस्थेने बळाचा वापर रोखावा आणि बाजारात हात घालू नये. पटलेले वा खटकलेले प्रत्येक वाक्य यांपैकी कुठे बसते ते लिहा. वाचक बहुतेक वेळा चौथ्या रकान्यातच वाद घालतो, मग तो तिचा भक्त असो वा विरोधक. अमेरिकेतल्या लिबर्टेरियन (कमीत कमी सरकार आणि मुक्त बाजार मागणाऱ्या) मंडळींवर रँडचा राग होता तो याच कारणाने: त्यांनी कळस उचलला, पाया सोडला.

मराठी वाचकाची खरी अडचण शब्दांची. ‘स्वार्थ’ म्हटले की आपल्याला दुसऱ्याच्या ताटातले ओढणारा दिसतो. रँडच्या लेखी तो परजीवीच. तिला अभिप्रेत आहे ते स्वतःच्या जगण्याची जबाबदारी, कुणाचा बळी न देता आणि कुणासाठी बळी न जाता. ‘त्याग’ तर आणखी फसवतो. तिच्या व्याख्येत त्याग म्हणजे अधिक मोलाचे देऊन कमी मोलाचे घेणे. आईने स्वतःला टोपी न घेता भुकेल्या मुलाला जेवण आणले तर तो त्याग नव्हेच, कारण तिला मूल टोपीपेक्षा मोलाचे आहे. तसेच ‘अल्ट्रुइझम’चे भाषांतर ‘परोपकार’ असे करू नका. रँडचा विरोध मदतीला नाही. दुसऱ्यासाठी जगणे हेच नीतीचे मोजमाप, या कल्पनेला आहे. हे तीन शब्द वहीच्या पहिल्या पानावर व्याख्येसह लिहा, नाहीतर अर्धी टीका तिने न म्हटलेल्या गोष्टींवर खर्च होते.

मांडणीचा कच्चा सांधा तिसऱ्या रकान्यात आहे. जिवंत राहणे हे अंतिम मूल्य, इथून ‘माणूस म्हणून जगणे’ इथवर ती कशी पोचते? लुबाडून जगणाराही जगतोच की! रँडचे उत्तर असे की तो इतरांच्या बुद्धीवर जगतो, आणि तात्कालिक टिकाव म्हणजे माणसाचे जगणे नव्हे. ते पुरते का, हे आधी स्वतः लिहून काढा आणि मगच अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकचा १९७१चा टीकालेख उघडा. तोही व्यक्तिस्वातंत्र्याचाच पुरस्कर्ता होता, त्यामुळे त्याचा रोख रँडच्या निष्कर्षांपेक्षा तिच्या सिद्धतेवर आहे.