गडगा रचायला घेण्याआधी

ठाणे जिल्ह्यात पाऊस साधारण १० जूनच्या सुमारास येतो, म्हणजे पडलेल्या गडग्याचं, म्हणजे चुना-सिमेंटाशिवाय नुसते दगड रचून केलेल्या कुंपणभिंतीचं, काम मे महिन्यातच उरकायला हवं. माणसं मात्र त्याच्या बरीच आधी ठरवावी लागतात. आमच्या मुरबाडकडे दगड रचणारे जाणते हात दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. होळीला ते घरी येतात, तेव्हाच गाठून दिवस पक्का करा.

त्याच फेरीत शेजाऱ्याला सोबत घेऊन पडलेला भाग पाहा. गडगा बहुधा हद्दीवरच असतो. फोटो काढा, जुन्या पायाच्या रेषेत दोरी ताणून खुंट्या ठोका. हद्दीचा पुरलेला दगड हलवायचा नाही.

सिमेंट यादीत घालू नका, हे अगदी कळकळीने सांगतो. आम्ही एकदा परड्यामागच्या तुकड्याच्या फटींत माल भरला. पुढच्याच पावसात मागची माती पाणी पिऊन फुगली, पाण्याला वाट मिळेना आणि नेमका तेवढाच तुकडा पोट काढून आडवा झाला. बाजूचा कोरडा गडगा आजोबांच्या वेळचा, तो जागचा हलला नाही.

पहारी दोन, टिकाव, फावडं, घमेली, हातोडा, ओळंबा, जाड बूट आणि चामडी हातमोजे घ्या. फटीत हात घालण्याआधी दगड पहारीने हलवायचाच, आत फुरसं किंवा विंचू असतो. जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन आणि विंचवावरचं प्राझोसिन हे औषध आहे का, हे आधी विचारून ठेवा. काळ्या दगडाचा घनफूटभर तुकडा ८० किलोच्या आसपास भरतो, तेव्हा तो सरकवायला एक मजबूत फळीही लागेल.

गडग्याचा उतार सगळीकडे सारखा यावा म्हणून सुताराकडून दोन लाकडी साचे करून घ्या. चार फूट उंचीला तळ सव्वादोन फूट, माथा सव्वा फूट; म्हणजे दोन्ही अंगांनी फुटाला दीड इंच आत.

खरा वेळ द्या तो दगड निवडण्याला. एक पूर्ण दिवस त्यातच जाऊ द्या. कामाला चार हात जागा मोकळी सोडून ढीग वेगळे लावा. पायाचे धोंडे सगळ्यात जवळ, चांगलं तोंड असलेले दर्शनी बाजूचे त्यामागे, माथ्याचे चपटे सर्वांत लांब. पावणेदोन फुटी लांबट दगड दिसला की लगेच बाजूला काढा. निम्म्या उंचीवर, दर तीन फुटांना एक असा तो आरपार बसतो आणि दोन्ही अंगं धरून ठेवतो. असे दगड थोडेच निघतात. घाईत कुणीतरी ते फोडून टाकतं तेव्हा फार वाईट वाटतं. पोटात भरायच्या दगडाच्या बारीक चिपाही भरपूर जमवा. त्या संपल्या की माती लोटण्याचा मोह होतो. ती पावसात वाहून जाते आणि गडगा आतून बसतो.

दगड कमी पडले तर ओढ्यातले गोल गोटे आणू नका, ते एकमेकांवर ठरत नाहीत. गावात एखादं पडकं जोतं असेल, तर मालकाला विचारून तिथले कोनेदार दगड आणा.