एसक्यूएल सर्व्हरवरून पोस्टग्रेसवर येताय? या चुका टाळा

मी इंदूरला सियागंजच्या होलसेलवाल्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो, काही दुकानांत डेटाबेस, म्हणजे सगळी माहिती साठवणारा प्रोग्राम, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर आहे, काहींत फुकटचा पोस्टग्रेस. पैशाचा घेऊ की फुकटचा, हे सगळेच विचारतात. पण खरा त्रास होतो तो एकाची सवय दुसऱ्यावर तशीच चालेल असं धरून चाललं की.

सगळ्यात महागात पडलेली चूक आधी सांगतो. लॅपटॉपवर एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर एडिशन असते, ती फुकट आणि तिच्यात सगळी फीचर्स, फक्त खऱ्या धंद्याच्या कामाला वापरायची परवानगी नाही. मी तिच्यावर रात्रीच्या बॅकअपचा एजंट जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) बनवला, छान चालला, आणि दुकानात एक्सप्रेस, म्हणजे त्याचीच फुकटची छोटी एडिशन, बसवली. एक्सप्रेसमध्ये एजंट चालतच नाही! दीड महिन्याने बॅकअपचं फोल्डर उघडलं तर आत एकच फाईल, ज्या दिवशी मी हाताने घेतली होती त्या तारखेची. आता मी एसक्यूएलसीएमडीची (एसक्यूएल सर्व्हरला कमांड लाइनवरून आदेश देणारं टूल) बॅट फाईल करून विंडोजच्या टास्क शेड्यूलरला लावतो, आणि दर सोमवारी फोल्डरमधल्या तारखा बघतो. एक्सप्रेसची साइजही बघत राहा, 2022 च्या व्हर्जनपर्यंत एका डेटाबेसला 10 जीबी (लॉग फाईल त्यात धरत नाहीत), 2025 मध्ये ती 50 केलीय. लिमिट भरली की नवीन बिल सेव्हच होत नाही, आणि ते नेमकं दिवाळीच्या गर्दीत होतं.

दुसरं, एसक्यूएल सर्व्हरवर बिलात साबुदाण्याच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. कॉलमचा प्रकार एनव्हारचार (कुठल्याही लिपीतला मजकूर ठेवणारा) पाहिजे आणि क्वेरीत मजकुराच्या आधी N हे अक्षर लावायला पाहिजे, दोन्हीतलं एक राहिलं की देवनागरी गेली, आणि एकदा प्रश्नचिन्ह म्हणून सेव्ह झालं की मूळ नाव परत मिळत नाही, पुन्हा टाईप करावं लागतं. पोस्टग्रेसमध्ये डेटाबेसचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-8 असलं की ही भानगड नाही. मायएसक्यूएल या तिसऱ्या डेटाबेसमध्ये मात्र जुना यूटीएफ8 देवनागरी नीट घेतो आणि इमोजीवर अडकतो, म्हणून यूटीएफ8एमबी4 च ठेवा.

पोस्टग्रेसवर आल्यावर पहिला फोन येतो, पार्टी सापडत नाही म्हणून. एसक्यूएल सर्व्हर साधारणपणे लहान-मोठी लिपी एकच मानतो, पोस्टग्रेस नाही मानत, त्यामुळे इंग्रजीत टाकलेली नावं शोधायला आयलाइक (लहान-मोठं न बघता शोधणारा) वापरा किंवा लोअरने सगळं लहान अक्षरांत करून त्याच्यावर इंडेक्स टाका. आणि टेबल-कॉलमची नावं सगळी लहान अक्षरांतच ठेवा. मायग्रेशन करताना कॅपिटल अक्षरं डबल कोट्समध्ये राहिली तर पुढे प्रत्येक क्वेरीत कोट्स द्यावे लागतात, नाहीतर कॉलम अस्तित्वात नाही म्हणून एरर.

डेटाबेस उघडून क्वेरी चालवायच्या टूल्सचं म्हणाल तर मायक्रोसॉफ्टचं एसएसएमएस फक्त विंडोजवर, डीबीव्हर दोन्ही डेटाबेसला चालतो, मी तोच वापरतो. ऑरेकलच्या एसक्यूएल डेव्हलपरवरून आलेल्यांनी जपा, तिथे कमिट केल्याशिवाय काही पक्कं होत नाही, पण पोस्टग्रेसच्या पीजीॲडमिन टूलमध्ये ऑटोकमिट (प्रत्येक बदल लगेच पक्का) आधीपासून चालू असतं, डिलीट दाबलं की गेलं. आधी बिगिन लिहायची सवय लावा, मग डिलीट, किती रो उडाले तो आकडा बघा, आणि मगच कमिट.

पीजीडंप, म्हणजे पोस्टग्रेसचं बॅकअप घेणारं टूल, सर्व्हरपेक्षा जुन्या मेजर व्हर्जनचा असला तर तो बॅकअप घ्यायलाच नकार देतो, सर्व्हर अपग्रेड केलात की बॅकअपच्या पीसीवरचा पीजीडंपही त्याच दिवशी बदला.