साथीच्या लाटा मोजायच्या कामात यायचंय? आधी बुधवार ते बुधवार बघा

पावसाळा सुरू झाला, डेंग्यूच्या बातम्या यायला लागल्या की मला एखाददुसरा मेसेज येतोच, ताई बीएस्सी मॅथ्स झालंय, साथरोगांच्या मॉडेलिंगमध्ये यायचंय, पायथन शिकू की आर (या दोन प्रोग्रामिंग भाषा), कोर्स कुठला करू. मी स्टॅटिस्टिक्समधून या कामात आले, कोविडच्या वेळी एका जिल्ह्याचा डेटा बघणाऱ्या छोट्या टीममध्ये होते, तेव्हा माझ्यापुरतं जे काय कळलंय ते एकदाच सविस्तर लिहिते म्हणजे पुढच्या वेळी हेच पाठवता येईल.

गणिताची भीती असेल तर ती काढून टाका. घातांक, लॉगॅरिदम आणि डिफरन्शियल इक्वेशनची तोंडओळख एवढ्यावर सुरुवात होते. मूळ मॉडेल एसआयआर, म्हणजे लोकसंख्येचे तीन कप्पे करायचे: ज्यांना लागण होऊ शकते ते, ज्यांना झालीये ते, आणि जे बरे झाले किंवा गेले ते. पहिल्यातून दुसऱ्यात किती वेगाने लोक जातात, दुसऱ्यातून तिसऱ्यात किती वेगाने, बस्स. आता यातली गंमत अशी की कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये हे मॉडेल छापलं तेव्हा ते पडताळून बघायला डेटा घेतला आपल्या मुंबईचा. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधल्या प्लेगच्या साथीत दर आठवड्याला किती माणसं गेली त्याचा. त्यांचा वक्र त्या ठिपक्यांवर इतका सुंदर बसतो की आजही पुस्तकांत तोच आलेख असतो. पण प्लेग तर उंदीर आणि पिसवांमधून येतो, शिवाय मुंबईत तो ऋतूप्रमाणे चढायचा-उतरायचा, आणि त्या समीकरणात उंदीर नाही, पिसू नाही, ऋतूही नाही. वक्र बसला म्हणून कारण सापडलं असं होत नाही, आणि नव्या मुलांना (मुलींनाही) हे समजावायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण कॉलेजात फिट चांगला आला की मार्क मिळालेले असतात ना.

आता खरं काम कसं दिसतं ते दाखवते. महाराष्ट्रातली कोविडची दुसरी लाट घ्या, मार्च-एप्रिल २०२१. रोजचे आकडे बघू नका, कारण रविवारी टेस्टिंग कमी व्हायचं, मग सोमवार-मंगळवारी आकडा पडायचा आणि न्यूजवाले म्हणायचे दिलासा. म्हणून वार तोच ठेवायचा. फक्त बुधवार घेऊ. १० मार्चला राज्यात साधारण १३.६ हजार नवे रुग्ण, १७ ला २३.१ हजार, २४ ला ३१.८, ३१ ला ३९.५, ७ एप्रिलला ५९.९ आणि १४ एप्रिलला ५८.९ हजार. कागद-पेन घ्या आणि प्रत्येक आकड्याला मागच्या बुधवारने भागा: १.७०, १.३८, १.२४, १.५२, ०.९८.

पहिला १.७० म्हणजे त्याच वेगाने गेलं तर नऊ दिवसांत दुप्पट. एका माणसाकडून दुसऱ्याला लागण व्हायला सरासरी पाच दिवस धरले तर या गुणोत्तराचा ५/७ वा घात काढायचा, उत्तर येतं १.४६ च्या आसपास, तीच ती टीव्हीवरची आर व्हॅल्यू, म्हणजे शंभर बाधितांकडून पुढे साधारण १४६ जणांना. एकच्या खाली आली की लाट ओसरायला लागली. पाच दिवस हा आकडा मी धरलाय हे विसरू नका, चार धरले तर आर बदलतो, त्यामुळे कोणी नुसता आर सांगितला तर पहिला प्रश्न, किती दिवस धरलेत?

बरं, पुढे बघा. मार्चभर आकडे वाढतायत पण गुणोत्तर उतरतंय, १.७०, १.३८, १.२४. म्हणजे वाढीचा वेग कमी होतोय, छान. आणि अचानक १.५२! काय झालं? व्हायरस आठवड्याभरात एवढा बदलला का? इथे समीकरण बाजूला ठेवायचं आणि कॅलेंडर उघडायचं. होळी आणि धुळवड २८-२९ मार्चला होती. सणाला कोण टेस्ट करायला जातं, लॅबमध्ये माणसं किती होती, ३१ तारखेचा आकडा त्यामुळे दबलेला होता का, म्हणजे १.२४ खोटं कमी आणि १.५२ खोटं जास्त? हे तपासायला त्या दिवसांच्या टेस्ट किती झाल्या आणि त्यातल्या किती टक्के पॉझिटिव्ह आल्या ते काढायचं. सात दिवसांचं मूव्हिंग ॲव्हरेज घेतलं तर हा धक्का बराच विरतो, पण मूव्हिंग ॲव्हरेज तुम्हाला तीनेक दिवस मागे नेतं हेही आहेच, फुकट काही मिळत नाही.

आणि ते ०.९८. राज्यात कडक निर्बंध लागले १४ एप्रिलच्या रात्री. लागण, मग लक्षणं, मग टेस्ट, मग रिपोर्ट, मग पोर्टलवर एंट्री, यात सहज आठ-दहा दिवस जातात, म्हणजे त्या दिवसाचा आकडा हा आधीच्या आठवड्यातल्या लागणीचा. रात्री लागलेल्या निर्बंधांचं श्रेय त्याला देता येत नाही, आणि ५ एप्रिलपासूनच्या आधीच्या निर्बंधांना द्यायचं तरी जपून. राज्याचा सर्वात मोठा आकडा त्यानंतर आला, १८ एप्रिलला, ६८ हजारांच्या वर.

या उशिरापायीच अजून एक चकवा. लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेने आलेख काढला की शेवटचे तीन-चार दिवस कायम उताराला लागलेले दिसतात. दरवेळी! कारण त्या दिवशी आजारी पडलेल्यांचे रिपोर्ट अजून यायचेत. आमच्याकडे रोज त्याच तारखेचा आकडा किती वाढत जातो याचा त्रिकोणी तक्ता ठेवायचो आणि त्यावरून शेवटच्या दिवसांचा अंदाज दुरुस्त करायचो, याला नाउकास्टिंग म्हणतात, आणि माझ्या मते नवशिक्याने एसआयआरच्या आधी हे शिकावं. उलट दिशेचा चकवा म्हणजे बॅकलॉग. १६ जून २०२० ला राज्याने आधीचे राहिलेले १,३२८ मृत्यू एकदम जोडले, ते माहीत नसलेल्या प्रोग्रामला वाटणार त्या दिवशी आभाळ कोसळलं.

लाइन लिस्टबद्दल कोणी आधी सांगत नाही म्हणून सांगते. एका रुग्णाची एक ओळ, नाव, वय, पत्ता, तारखा. वयाच्या रकान्यात ४५, ४५ वर्षे, कुठे जन्मतारीख, कुठे मोबाईल नंबर. तारखेत ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च हे एक्सेल स्वतःच्या मनाने ठरवतं. एकच गाव चार स्पेलिंगने. दिवसाचा बहुतेक वेळ यात जातो आणि यात शंका आली तर पीएचसीतल्या (प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या) डेटा एंट्री करणाऱ्या माणसाला फोन लावायचा, तो बिचारा रात्री दहापर्यंत बसलेला असतो, त्याच्याशी नीट बोला, साहेबी थाटात नाही. मला जितकं स्टॅटिस्टिक्स कॉलेजात कळलं त्याहून जास्त असल्या फोनवर कळलं.

मग भाकितं? ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने नेमलेल्या समितीच्या मॉडेलनुसार फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ जवळपास आटोपणार होती. फेब्रुवारीत अमरावतीत आकडे चढायला लागले होते आणि मेच्या सुरुवातीला देशात रोज चार लाखांवर रुग्ण. नवा व्हेरिएंट, लोकांचं पुन्हा भेटणं-फिरणं, हे सगळं जुन्या आकड्यांतून काढलेल्या समीकरणाला कुठून कळणार. आणि शहर म्हणजे एक कप्पा नसतोच. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत सिरो सर्व्हे (किती जणांच्या रक्तात अँटिबॉडी आहेत, म्हणजे किती जणांना लागण होऊन गेली याची पाहणी) झाला तेव्हा झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत अँटिबॉडी मिळाल्या आणि बाहेर १६ टक्के. रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे दोन वेगळ्या साथी, तुम्ही कितीही भारी एकच समीकरण लावा, सरासरी येईल ती दोघांचीही नसेल. म्हणून मी स्वतः दोन-तीन आठवड्यांच्या पुढचं बोलत नाही, कोणी सहा महिन्यांनंतरच्या लाटेच्या शिखराची तारीख सांगितली की मी चहा प्यायला जाते.

आता कोर्सचं. स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी करा, ती कुठेही कामाला येते. मुंबईत देवनारच्या आयआयपीएसला (लोकसंख्याशास्त्राची संस्था) बायोस्टॅटिस्टिक्स आणि डेमोग्राफी एकत्र आहे, चेन्नईला आयसीएमआरच्या एनआयईमध्ये (साथरोगशास्त्राची संस्था) पब्लिक हेल्थचं मास्टर्स आहे, प्रत्यक्ष फील्डची ओढ असेल तर ते बघा. शुद्ध गणितातून येणाऱ्यांनी एखादं सेमिस्टर तरी एपिडेमिऑलॉजीला द्या. पायथन की आर या भांडणात या क्षेत्रात आर थोडं पुढे आहे कारण आर व्हॅल्यू काढायचं एपिएस्टिम वगैरे पॅकेज त्यात तयार मिळतं, पण ते चालवायच्या आधी वरचे बुधवार हाताने करा.

नोकऱ्या बहुतेक प्रोजेक्टवरच्या, कॉन्ट्रॅक्ट, प्रोजेक्ट संपला की पुन्हा शोधाशोध, आयटीतल्या मित्राचा पगार विचारू नका, उगाच रात्रीची झोप जाते. साथ नसताना काम नसतं असं मात्र नाही, डेंग्यू, लेप्टो, स्वाइन फ्लू, गोवर, दरवर्षी काहीतरी आहेच. मुलाखतीत शेवटी तुम्हाला काही विचारायचंय का म्हणतात तेव्हा लाजू नका, सरळ विचारा की कच्ची लाइन लिस्ट मिळणार की रोजची पीडीएफ. पीडीएफ म्हणाले तर अर्धा दिवस त्यातले आकडे एक्सेलमध्ये उतरवण्यात जाणार हे धरून चाला आणि मग पगार किती देतायत ते बघा.