तोरणमाळएवढ्या उंचीवर स्कूबा डाइव्ह? या चुका टाळा

शहाद्याहून तोरणमाळला जाताना गाडीत वेफर्सचं सीलबंद पाकीट असेल, तर सातपायरी घाट संपेपर्यंत ते टम्म फुगतं. आतली हवा तेवढीच, बाहेरचा दाब कमी. साधारण ११५० मीटरवर तो समुद्रकाठच्या ८७ टक्क्यांवर येतो. पाण्याच्या दाबाखाली डाइव्हरच्या रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचंही असंच: वर येताना दाब घटला की तो बुडबुडे होऊन बाहेर पडतो, आणि ते जास्त झाले तर इजा करतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे तारकर्लीच्या समुद्रात शिकलेलं टेबल, म्हणजे किती खोलीवर किती वेळ राहायचं याचा तक्ता, इथे जसंच्या तसं वापरणं. शरीराला मीटर कळत नाहीत, खालचा दाब वरच्याच्या किती पट एवढंच कळतं. समुद्रात १८ मीटरवर तो २.८ पट असतो. तोरणमाळच्या यशवंत तलावाच्या उंचीवर, गोड्या पाण्यातही, तेवढ्याच खोलीला ३ पट. (तलाव ओळखीचा म्हणून घेतला, तिथे डाइव्हची सोय आहे असं समजू नका.) म्हणून टेबलात १८ भागिले ०.८७, म्हणजे जवळपास २१ मीटरची ओळ बघायची. साधारण ३०० मीटरच्या वर हा हिशेब लागतो. जळगाव त्याच्या आत बसतं, तोरणमाळ नाही.

घाट चढल्याचढल्या लगेच पाण्यात उतरू नका. अंगात खालचा नायट्रोजन शिल्लक असतो. सहा तास थांबा.

समुद्रसपाटीला लावलेला, खोली दाखवणारा सुईचा गेज वर फसवतो: इथे तो खरी खोली १.३ मीटरने कमी दाखवेल. मी सरळ दर मीटरला गाठ मारलेला दोर सोडतो. खोली आणि वेळेचा हिशेब ठेवणारा डाइव्ह कॉम्प्युटर असेल तर काठावरच चालू करा आणि उंचीचं सेटिंग तपासा, काहींत ते हाताने बदलावं लागतं. गोड्या पाण्यात बुडण्यासाठी कमरेला बांधायचं शिशाचं वजनही कमी लागतं. मालवणचा पट्टा तसाच बांधला तर दगडासारखे खाली जाल.

परतीच्या वाटेचा विचार कोणी करत नाही. तोरणमाळहून शहाद्याला उतरताना दाब वाढतो, ते बरंच. पण तारकर्लीहून खान्देशात यायचं म्हणजे आधी सह्याद्री चढायचा. विमानासाठी एका डाइव्हनंतर १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास थांबायला सांगतात. मी तोच नियम घाटालाही लावतो. सांधे ठणकले, मुंग्या आल्या तर घाट नाहीच: ऑक्सिजन आणि डॉक्टर. तसं काही नसेल तर भाऊ, बुड्या शनिवारी उरका, रविवारी दुपारी सुरमई खाऊन निघा.